शाळेच्या मैदानातला मेळघाट

मी अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. अठरा वर्षं झाली. नववीला सातपुडा आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही तर परतवाड्याच्या ना? मग तुम्ही रोजच पहाड पाहिला असेल." मी हो म्हणते. ते खोटं नाही. आमच्या घराच्या मागच्या दारातून पहाड दिसतो, गच्चीवरून दिसतो, वांग्याच्या वाफ्यात वाकलेलं डोकं वर केलं की समोर पहाडच असतो.

पण खालून पाहणं वेगळं. वर मी आयुष्यात दोनदाच गेले होते. एकदा सहावीच्या सहलीत चिखलदऱ्याला आणि एकदा मैत्रिणीच्या लग्नाला धारणीला. दोन्ही वेळा घाट लागला आणि माझं पोट फिरलं. पुढचा सगळा मेळघाट मी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून पार केला. सहलीचा एक फोटो आमच्याकडे अजून आहे. मागे खोल दरी, पुढे हसणाऱ्या पंचवीस मुली आणि डाव्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक. ती मी.

तरी मी सातपुडा चांगला शिकवायचे. बेसाल्टचे थर, दक्षिणेकडचा उभा कडा, उत्तरेकडचा उतार, साग, गवा, वाघ, पाच नद्या. फळ्यावर नकाशा तर डोळे मिटून काढायचे. पुस्तकात होतं तेवढं मला येत होतं. पुस्तकात नव्हतं ते आमच्या बाबांना येतं, असा माझा समज होता.

बाबा माळी. परतवाड्याच्या बाहेर आमचं चार एकर. कोबी, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पहाडाबद्दल ते मालकासारखे बोलतात. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या दारात नेतात आणि शेताच्या धुऱ्यावरचं आंब्याचं झाड दाखवावं तसा हात करून सांगतात, "हा आपला पहाड." पहाडाच्या माथ्यावर ढग टेकला की त्या दिवशी ओलित करत नाहीत, म्हणजे पिकाला पाणी देत नाहीत. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की वर काय काय आहे. ते म्हणाले होते, "मले सगळा पहाड पाठ हाय." हे मी मनात धरून ठेवलं होतं.

मागच्या डिसेंबरात आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांची बैठक घेतली. जानेवारीच्या शेवटी शिक्षण खात्यातून एक अधिकारी बाई शाळा पाहायला येणार होत्या. सर मूळचे गणिताचे. त्यांना हलणारी, वाहणारी, फिरणारी वस्तू फार आवडते. ते म्हणाले, "मैदानाच्या कोपऱ्यात सातपुडा करायचा. पंधरा फूट लांब. वरून पाणी टाकलं की नद्या वाहिल्या पाहिजेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "यांच्या तर माहेरचाच आहे."

तिथंच मी पिशवीची गोष्ट सांगून टाकायला हवी होती. मी म्हणाले, "करू ना सर."

नववीच्या मुलामुलींना घेऊन मी कामाला लागले. मैदानाच्या कोपऱ्यात एक मोडकी घसरगुंडी होती ती काढली. माती शाळेच्या मागचीच घेतली, काळीशार, कापसाची. चार दिवसांत पहाड उभा राहिला. इकडे वऱ्हाडाच्या बाजूला उभा कडा, तिकडे तापीच्या बाजूला हळूहळू उतार. मुलींनी हातानं थोपटून तो असा गुळगुळीत केला की सर स्वतः येऊन त्यावर बोट फिरवून गेले. "छान. अगदी रणगाड्यासारखा झाला आहे," ते म्हणाले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी पहाडाला भेगा पडल्या. काळी माती वाळली की फाटते हे आमच्या घरच्या बकरीलाही ठाऊक असावं, पण मी विसरले होते. चिखलदऱ्यापासून निघालेली एक भेग एवढी रुंद झाली की त्यात पट्टी उभी राहायची. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ही कोणती नदी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ही खचदरी आहे." खचदरी दहावीला आहे, त्यामुळे ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी अशा सात खचदऱ्या झाल्या.

त्यात एक गावठी कुत्रा रोज दुपारी येऊन मेळघाटातल्या सेमाडोह गावाच्या जागेवर वेटोळं घालून झोपायला लागला. पाचवीची पोरं लांबून ओरडायची, "वाघ आला, वाघ आला." शनिवारी त्यानं आपल्यासोबत आणखी एकाला आणलं. पोरांनी जाऊन सरांना सांगितलं की वाघांची संख्या वाढली आहे.

आमच्या शाळेचे शिपाई काका शेतीतले आहेत. ते पहाडापाशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, हे भुई कपाशीची. इच्यावर पहाड नाही टिकत. याले मुरूम पाह्यजे."

मुरूम म्हटल्यावर मला बाबा आठवले. मी फोन लावला. सगळं ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "काही हात लावू नको. मी येतो."

तिसऱ्या दिवशी ते अकोल्याच्या बसमधून दोन पोती घेऊन उतरले. एकात लाल मुरूम, दुसऱ्यात नाल्यातले काळे गोटे. वाटेत कंडक्टरशी झालेली बोलाचाली त्यांनी मला उतरल्या उतरल्या सांगितली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, याच्यात काय हाय?" बाबा म्हणाले, "पहाड." कंडक्टरला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पोतं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "अकोल्यात गोटे भेटत नाहीत काय?" बाबा म्हणाले, "भेटत असन. पण ते पहाडाचे नाहीत." त्यावर कंडक्टरनं पोत्याचं तोंड बांधून दिलं आणि पुढे गेला.

शाळेत आल्यावर बाबांनी धोतर खोचून माझ्या पहाडाला एक चक्कर मारली. नंतर दुसरी चक्कर मारली. मग तापीच्या बाजूला थांबले.

"हे काय केलं?"

"उतार आहे बाबा. तिकडून पहाड हळूहळू उतरतो. मोठ्या नद्या तिकडूनच वाहतात, तापीकडे."

"कोन म्हणते?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाला आपल्या वावरात आला होता काय?" बाबा म्हणाले. "पहाड दोन्हीकून सारखा असते. भिंत कशी असते? अन् पानी सारं आपल्याकडं येते. मी साठ वर्षं पाहून राहिलो. आपल्या नाल्यात कोठून येते मंग?"

"आपल्याकडे थोडं येतं. बाकी तिकडे जातं."

"तिकडं कायले जाईन?" बाबांना ते खरंच कळेना. जणू कोणी सांगितलं की आपल्या गायीचं दूध शेजारी जातं.

एवढ्यात सर आले. मी ओळख करून दिली. वाद काय आहे ते कळल्यावर सरांनी दोन्ही हात मागे बांधले, पहाडाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "मॅडम, पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष अनुभव मोठा. बाबा तिथले आहेत. बाबा सांगतात तसं करा." वर हेही म्हणाले की पाणी वऱ्हाडाकडे आलेलं दिसायलाही बरं दिसेल.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फावडं घेतलं आणि तापीचा उतार कापायला सुरुवात केली.

मला राग आला. अठरा वर्षं मी हा उतार शिकवला होता, पेपरात त्याच्यावर प्रश्न काढले होते. पण मी पाहिलाय असं म्हणायची सोय नव्हती. शेवटी मी फावड्याचा दांडा धरला आणि म्हणाले, "बाबा, रविवारी आपण वर जाऊ. सेमाडोहला सिपना नदी आहे. ती कुठं वाहते ते पाहू. तुमच्यासारखं असेल तर तुमच्यासारखं करू."

बाबा थांबले. "तुले तं उलट्या होतात."

"होऊ द्या."

"माह्या गुडघा दुखून राहिला दोन रोजपासून."

"जीपमध्ये बसायचं आहे, चालायचं नाही."

"कोबी काढाची हाय."

"कोबी सोमवारी काढा."

मग त्यांनी फावडं माझ्या हातात सोडलं. मला वाटलं, माझ्या पोटाच्या काळजीनं कारणं सांगत होते.

रविवारी सकाळी आम्ही परतवाड्याच्या स्टँडजवळून काळीपिवळी जीपमध्ये बसलो. थंडी होती. बाबांनी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मला पुढची सीट मिळाली. मागे बाबा, एक वनरक्षक ड्यूटीवर चाललेला, बाजार करून परत जाणारी एक कोरकू आजी मांडीवर टोपलं घेऊन, आणि आणखी चार-पाच जण. आईनं माझ्या मुठीत लिंबू, तोंडात सुंठ आणि पर्समध्ये तीन पिशव्या दिल्या होत्या.

पहिलं वळण आलं. मी पर्सकडे हात नेला. मागून बाबा म्हणाले, "पिशवीत पाहू नको. बाहीर पाह्य. अन् बोलत राह्य. तोंड बोलण्यात गुतलं की पोटाले येळ नाही भेटत."

"काय बोलू?"

"शाळेत काय बोलते? तेच बोल."

म्हणून मी शिकवायला सुरुवात केली. आधी हळू आवाजात, ड्रायव्हरपुरतं. "हा डाव्या हाताला दिसतो तो बेसाल्ट खडक. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा पहाड तयार झाला." दुसरं वळण गेलं. काही झालं नाही. मी आवाज वाढवला. तिसऱ्या वळणावर मी दख्खनच्या पठारापर्यंत आले होते. चौथ्या वळणावर श्वास घ्यायला थांबले तर पोट लगेच घशापर्यंत आलं, म्हणून पुन्हा सुरू केलं. मातीचे प्रकार झाले, पर्जन्यमान झालं, शुष्क पानझडी वनं सुरू झाली.

"हा सगळा साग," मी काचेतून हात करून सांगितलं.

मागून कोरकू आजी म्हणाली, "वो साग नही बाई. वो धावडा. साग वो रहा, मोठ्या पत्त्याचा."

मी सागाकडे पाहिलं. पुस्तकात सागाचं चित्र काळ्या-पांढऱ्या शाईत होतं. इथं ताटाएवढी पानं, अर्धी हिरवी, अर्धी तांबूस, आणि उन्हात सगळा डोंगर गंज चढल्यासारखा दिसत होता. "बरोबर," मी म्हणाले आणि पुढे गेले, कारण पुढे वळण होतं. आजीनं मग मला सोडलंच नाही. मी 'वनोपज' म्हटलं की ती झाड दाखवायची. हा मोह, याचं फूल उन्हाळ्यात पडते. ही टेंभुर्णी, हिचं फळ गोड. ही चारोळी, तो बेहडा, तो आवळा. मी अठरा वर्षं एका दमात म्हटलेली यादी खिडकीबाहेर एकेक करून उभी होती आणि त्यातलं आवळ्याशिवाय एकही झाड मला स्वतःहून ओळखता येत नव्हतं.

वनरक्षकानं अस्वलाबद्दल सांगितलं. वाघापेक्षा अस्वलाचं भ्या जास्त, कारण वाघ आपल्याला आधी पाहून निघून जातो, अस्वल मात्र मोहाच्या नादात असतं आणि एकदम समोर येतं. इथं रानपिंगळा म्हणून एक घुबड आहे, ते फारच थोड्या ठिकाणी उरलं आहे. मी हे सगळं ऐकलं असतं, पण ऐकायला गप्प बसावं लागतं. मी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडून जलविभाजक म्हणजे काय ते सांगायला लागले.

घाटांग गाव यायच्या थोडं आधी ड्रायव्हरनं माझ्याकडे न पाहता म्हटलं, "मॅडम, एक बोलू काय?"

"बोला."

"उलटी करून घ्या. मी गाडी थांबवतो. पण आता थोडं थांबा."

मागे सगळे हसले. त्यात सगळ्यात मोठं बाबा. ड्रायव्हर जरा ओशाळला आणि आरशातून बाबांना म्हणाला, "बाबा, तुमी याच रस्त्यानं येता ना नेहमी? पहाड तुमाले पाठ असन."

बाबांचं हसणं थांबलं. "नाई," ते म्हणाले. "घाटांगपर्यंतच आलो होतो. एक बार. लाकडं घ्याले. याच्या पुढं नाई."

मी मान वळवून मागे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"बाबा, सगळा पहाड पाठ आहे म्हणत होतात ना?"

"खालून पाठ हाय," ते म्हणाले. "कोबी सोडून कोन येते वर? रोज ओलित, रोज बाजार. अन् पहाड काय पळून जाते?"

मला फार हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. साठ वर्षं पायथ्याशी राहिलेला माणूस आणि अठरा वर्षं शिकवणारी मी, दोघंही पहिल्यांदाच पहाड पाहायला निघालो होतो. तेवढ्या वेळात माझं शिकवणं बंद पडलं होतं हे माझ्या लक्षात आलं, आणि पोटही गप्प होतं. पुढचा रस्ता मी नुसता पाहत गेले. एका वळणावर खाली दरीत धुकं साचलेलं होतं आणि त्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर आले होते. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि म्हणाला, "आता सांगा मॅडम, काय सांगायचं ते." मी काच खाली केली.

सेमाडोहला उतरलो. कोरकू आजी टोपलं डोक्यावर ठेवून पायवाटेला लागली, जाताना माझ्या हातात टोपल्यातले दोन आवळे ठेवून गेली. "ये पक्के पैचानता ना?" ती म्हणाली.

सिपना गावाला लागूनच आहे. पाणी थोडं होतं, पण वाहतं, खडकांतून वळणं घेत. बाबा आधी काठावर उभे राहिले. मग चपला काढून पाण्यात उतरले. हातानं पाणी घेऊन तोंडाला लावलं. "गोड हाय," म्हणाले. मग पाण्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग आम्ही आलो त्या रस्त्याकडे. आमचं परतवाडा कोणत्या बाजूला आहे ते त्यांनी हातानं दोनदा मोजलं.

"हे उलटं काऊन वाहून राहिलं?"

"उलटं नाही बाबा. हेच सुलटं आहे."

त्यांनी काठावरचं एक सागाचं वाळलेलं पान उचललं आणि पाण्यात सोडलं. पान डुगडुगत आमच्या घराच्या विरुद्ध दिशेला गेलं. एका खडकाला अडलं. बाबांनी ते काठीनं मोकळं करून दिलं, बहुतेक त्याला अजून एक संधी द्यावी म्हणून. ते पुन्हा तिकडेच गेलं.

"म्हंजे पहाडाची आपल्याकडं पाठ हाय," बाबा म्हणाले.

"पाठ म्हणा. आपल्याकडे कडा, तिकडे उतार. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार, सगळ्या तापीला जातात."

"पाचही?"

"पाचही."

बाबा पाण्यातून बाहेर आले आणि दगडावर बसले. मी जिंकले होते, पण ते असे बसले होते की मी त्यांना उठवून रबडीच्या दुकानात नेलं. आम्ही तिथली रबडी खाल्ली. सेमाडोहची रबडी खायला लोक अमरावतीहून येतात. बाबांनी ती औषध खाल्ल्यासारखी खाल्ली. जंगलातल्या म्हशीचं दूध, दाट साय, वर काही घातलेलं नाही, आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. अर्धा द्रोण झाल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडं मंग काय येते?"

"आपला नाला येतो. चंद्रभागा येते, शहानूर येते, वान येते. ते सगळं पूर्णेला मिळतं."

"अन् पूर्णा कोठी जाते?"

"तापीला. खाली खानदेशात दोघी एक होतात."

बाबांनी द्रोण खाली ठेवला. "खानदेशात?"

"हो."

"म्हंजे इकडून गेलेलं अन् तिकडून गेलेलं, एकाच जागी?"

"एकाच."

"मंग तू हे पह्यलं काऊन नाई सांगितलं?" ते चिडून म्हणाले, आणि आणखी एक द्रोण मागवला. दुसरा त्यांनी चवीनं खाल्ला. परतीच्या जीपमध्ये अनोळखी माणसाला ते समजावत होते की पहाडाला दोन्हीकडून पाणी सोडावं लागते, एकाच अंगाले सोडलं तर भिंत बसते.

सोमवारी कोबी काढून झाल्यावर बाबा अकोल्यात माझ्याकडे चार दिवस राहिले आणि पहाड त्यांनी आपल्या हातानं पुन्हा केला. काळी माती सगळी काढली. खाली गोटे, वर मुरूम, त्यावर लाल मातीचा पातळ थर. वऱ्हाडाच्या बाजूला गोट्यांचा उभा कडा. तापीच्या बाजूला एवढा लांब आणि हळुवार उतार की मी पुस्तकात बघून केला होता तो त्यापुढे घसरगुंडी वाटावा. पाच नद्यांच्या वाटा त्यांनी खुरप्यानं काढल्या, ओलिताचे दांड, म्हणजे पाण्याचे पाट, काढतात तशा. पाणी कुठं अडेल, कुठं काठ फुटेल, हे त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. नववीची पोरं त्यांच्या मागं मागं फिरायची. माझ्या तासाला एवढी शांतता कधी नसते.

शेवटी त्यांनी कनवटीची पुडी काढून सगळ्या उतारावर बी फेकलं आणि वरून हलकी माती टाकली. "जंगल पाह्यजे ना," म्हणाले. पाण्याची सोय शिपाई काकांकडे दिली. शाळेच्या बोअरचं पाणी खारं लागतं, ते नको, नळाचंच घाला, असं दोनदा बजावून बाबा परतवाड्याला गेले. पाहणीच्या दिवशी सकाळी परत आले, तेव्हा बी टाकून बरोबर बारा दिवस झाले होते आणि सातपुडा हिरवागार होता.

सरांनी पाहुण्यांच्या खुर्च्या कडुलिंबाच्या सावलीत मांडून घेतल्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणाले, "सर, ही तापीची बाजू आहे. पाणी इकडे येईल."

"येऊ द्या ना. पाणी दिसलं पाहिजे."

"सर, खुर्च्यांखाली येईल."

"मॅडम, तिकडे ऊन आहे," सर म्हणाले.

अधिकारी बाई आल्या. बोलणं कमी, पाहणं जास्त, अशा होत्या. मी चार वाक्यं बोलले. मग सरांनी बादली उचलली. ठरलं होतं तांब्याभर. सरांना वाटलं, पंधरा फुटाच्या पहाडाला तांब्याभर पाणी काय पुरेल. त्यांनी चिखलदऱ्यावर अख्खी बादली रिकामी केली.

एक बारीक धार कड्यावरून वऱ्हाडात पडली. बाकी सगळं पाणी पाच वाटांनी उतारावरून निघालं. कुठंही न अडता, काठ न फोडता, लालसर होत, सरळ बाईंच्या खुर्चीकडे. बाईंनी दोन्ही पाय वर घेतले. शेजारचे दोन पाहुणे उठून उभे राहिले. सरांच्या बुटात डोलार शिरली. सर हातात रिकामी बादली घेऊन मला म्हणाले, "मॅडम, पाणी इकडे कसं आलं?"

मी काही म्हणायच्या आत बाबा पुढे झाले. "ते तिकडंच जाते साहेब. आमी पाहून आलो."

बाई पाय वर घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी हिचा बाप. माळी हाय."

"हे तुम्ही केलं?"

"माती मी केली. नद्या हिच्या पुस्तकातल्या. मी आधी भांडलो होतो तिच्यासंग, मले वाटे पानी आमच्याकडंच येते. सेमाडोहला जाऊन पाह्यलं तवा समजलं."

बाईंना गंमत वाटली असावी. त्या खुर्चीवरून उतरल्या, चिखलातून दोन पावलं पुढे आल्या आणि उताराजवळ वाकल्या. "आणि ही झाडं कोणती लावली?"

"मेथी."

"मेळघाटात मेथी?"

"सागाले येळ लागते मॅडम," बाबा म्हणाले. "तुमी बारा दिवसांचीच मुदत देली होती."

बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. त्यांनी नववीच्या मुलांना प्रश्न विचारले. पहाडाचा कडा कुणीकडे, उतार कुणीकडे, पाणी कुणीकडे. शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा उत्तरं दिली, कारण पाणी अजून त्यांच्या पायाखाली होतं. बाईंनी वहीत काय लिहिलं ते सरांनी आम्हाला वाचून दाखवलं नाही, पण बूट बदलून आल्यावर ते बाबांना स्वतःहून चहाला घेऊन गेले.

दुपारी मुलांच्या जेवणाची वेळ झाली. खिचडी शिजवणाऱ्या ताई परात घेऊन मैदानात आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पाहणी झाली ना? मंग ही मेथी काहून वाया घालवता?" मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कोवळी हाय. आजच घेतली तं बरी."

ताई आणि बाबा उतारावर समोरासमोर बसले आणि मेथी खुडू लागले. एक मुलगी पळत आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, ही जंगलतोड आहे." बाबांनी तिला खाली बसवलं आणि मुळं न उपटता वरची पानं कशी खुडायची ते दाखवलं, म्हणजे पुन्हा फुटतात. थोड्या वेळात तिथं दहा-बारा मुली बसल्या होत्या. कोणी खंडूकाठची मेथी खुडत होतं, कोणी गडग्याकाठची.

खिचडी चांगली झाली होती. बाबा मुलांच्या रांगेत बसून जेवले. संध्याकाळच्या बसला मी त्यांना सोडायला गेले, तेव्हा रिकामी पोती घडी करून त्यांच्या काखेत होती. बसमध्ये चढता चढता ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीत येजो. मोह पडत असन तवा. तुह्या आईलेही नेऊ. तिनं तं घाटांगही नाही पाह्यलं."

मी म्हटलं, "येईन. पण आईला पुढची सीट द्यावी लागेल."

"तं तू मागं बस," बाबा म्हणाले, आणि जागा धरायला आत गेले.